सातबाऱ्यावर सही आहे, मेलवर का नाही?

भिवंडी तालुक्यातल्या दापोडे, गुंदवली, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली. त्या जमिनींचा सातबारा २०१८ पासून डिजिटल सहीने ऑनलाइन मिळतो, आणि तलाठ्याचा शिक्का नसला तरी तो चालतो. कंपन्यांचे जीएसटी विवरणपत्र आणि सरकारी ई-निविदाही याच सहीवर चालतात. पण भाड्याचे बिल, कराराचा मसुदा, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे इथे पैसे भरा’ ही सूचना ज्या ईमेलमधून येते, त्या मेलवर कोणाचीच सही नसते. लाखांचा व्यवहार त्या एका ओळीवर हलतो. डिजिटल प्रमाणपत्राची खरी गरज या रोजच्या मेललाच आहे, असे माझे मत आहे.

फसवणूक कशी होते ते पाहिले की हे पटते. चोर आधी कुणाचा तरी पासवर्ड मिळवतो आणि गुपचूप पत्रव्यवहार वाचत राहतो. बिल निघायच्या सुमारास तो त्याच पत्त्यावरून, त्याच धाटणीत नवा खाते क्रमांक पाठवतो. पत्ता खरा, जुना संवादही खाली जोडलेला. मेल कंपनीच्या तपासण्यांतूनही तो सुटतो, कारण मेल कोणत्या सर्व्हरवरून निघाला एवढेच त्या तपासतात, पाठवणारा माणूस कोण हे त्यांना कळत नाही. सहीचे गणित वेगळे आहे. सही करणारी खाजगी किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते, मेलच्या पासवर्डमध्ये नसते. पासवर्ड चोरला म्हणून सही करता येत नाही, आणि सही केलेल्या मजकुरातला एक आकडा बदलला तरी समोरच्याच्या पडद्यावर इशारा येतो. मात्र यात एक मेख आहे. कधीतरीच सही करणाऱ्याचा बिनसहीचा मेल कुणाला खटकत नाही. प्रत्येक मेल सहीनेच गेला, तरच सही नसणे नजरेत भरते.

हा उपद्व्याप सामान्य माणसाला झेपणार नाही, असा आक्षेप येतो. तो अर्धा खरा आहे. वैयक्तिक जीमेल ब्राउझरमध्ये उघडून अशी सही करता येत नाही. थंडरबर्ड किंवा आउटलुकसारखा प्रोग्राम लागतो, आणि मोबाइलला टोकन जोडणे कटकटीचेच आहे. पण टोकन अनेकांकडे आधीच आहे. प्रमाणपत्रात मेलचा पत्ता नोंदवला असेल आणि मेलसाठी वापरण्याची मुभा असेल, तर तेच चालू शकते. मोठी अडचण निराळी आहे: ते टोकन पिनसकट बहुधा सीएच्या खणात पडलेले असते. कोऱ्या चेकवर सह्या करून चेकबुक दुसऱ्याकडे ठेवण्यासारखेच हे! माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे किल्लीची काळजी घेणे ही प्रमाणपत्रधारकाची जबाबदारी आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्याचे कळवेपर्यंत जबाबदारी त्याच्याच गळ्यात राहते.

प्रमाणपत्र देणाऱ्यावरच विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न अधिक वजनदार आहे. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या म्हणजे एनआयसीच्या यंत्रणेतून गुगलच्या काही पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली होती. ती रद्द झाली, पण सरकारी शिक्काही चुकतो हे दिसले. भारतीय प्रमाणपत्र परदेशातल्या प्रत्येक संगणकावर आपोआप मानले जाईलच, असेही नाही. तरीही गोदाममालक आणि भाडेकरू एकदा समोरासमोर बसून एकमेकांचे प्रमाणपत्र पडताळून जतन करू शकतात. मग भरवशाचा मोठा भाग त्या भेटीवर उभा राहतो.

मजकूर कुलूपबंद करण्याबाबत, म्हणजे एन्क्रिप्शनबाबत, मी इतका आग्रही नाही. त्यात मेलचा विषय उघडाच राहतो, आणि किल्ली हरवली की जुना पत्रव्यवहार स्वतःलाही वाचता येत नाही. आधारची प्रत किंवा वैद्यकीय अहवाल पाठवताना ते जरूर करावे, पण किल्लीची सुरक्षित प्रत ठेवूनच. गुन्हेगारांना आडोसा मिळतो म्हणून नागरिकांच्या कुलपावर बंधने हवीत, हे मात्र मला मान्य नाही. मजकुराची उघडी प्रत ९० दिवस जपायला लावणारा धोरणाचा मसुदा सरकारने सप्टेंबर २०१५ मध्ये आणला आणि टीका होताच काही दिवसांत मागे घेतला. तो मागे घेतला हे बरेच झाले. सहीला तर तोही आक्षेप लागू नाही. ती काही लपवतच नाही.

तेव्हा सीएच्या खणातले टोकन परत मागा, पिन बदला आणि पहिली सही पुढच्या भाड्याच्या मेलवर करा. खाते बदलल्याचा मेल बिनसहीचा आला, तर त्या मेलमधल्या नव्हे, तुमच्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा, मगच पैसे भरा. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा.