बुटावरची शाई आणि ग्रुपवरचा स्क्रीनशॉट

मराठीत पोट्ट्यांसाठी फास्टर फेणे आहे, गोट्या आहे, बोक्या सातबंडे आहे. पोरींच्या गँगची गोष्ट वाचायची तर आपल्यापैकी अनेकींना थेट इंग्लंड गाठावं लागलं. एनिड ब्लायटनची ‘मॅलरी टॉवर्स’! १९४६ ते १९५१ मधली सहा पुस्तकं. आता कॉलेजात असताना परत वाचून पाहा, लय मजा येते.

समुद्राकाठची निवासी शाळा, खडकातला पोहण्याचा तलाव, मध्यरात्रीच्या चोरून पार्ट्या. इकडे अमरावतीच्या हॉस्टेलवर रात्री बाराला मॅगी करायची तर आधी रेक्टर मॅडमच्या चपलांचा कानोसा घ्यावा लागतो. आणि मे महिन्यातल्या अकोल्यात तलाव राहू द्या, कूलरमध्ये टाकायला पाणी मिळालं तरी पार्टीच!

हिरोईन डॅरेल रिव्हर्स. राग नाकाच्या शेंड्यावर. लाडावलेली ग्वेंडोलिन भित्र्या मेरी-लूला पाण्यात बुडवते, तर ही बाई तिला फटकेच देते. लहानपणी आपण टाळ्या वाजवल्या असतील. आज असं झालं तर आधी व्हिडिओ निघेल.

पण पहिल्याच पुस्तकातली पेनची गोष्ट आठवते का? मेरी-लूचं पेन कुणीतरी फोडतं आणि शाई डॅरेलच्या बुटावर सापडते. झालं! काल गळ्यात गळे घालणाऱ्या मैत्रिणी आज तोंड फिरवतात. करणारी असते ग्वेंडोलिन. ते शोधून काढते कोण, तर सगळ्यांत घाबरट मेरी-लू.

बाप्पा, बुटावरची शाई म्हणजे आजचा स्क्रीनशॉट! अर्धवट चॅट फिरते, ‘ती तशीच आहे’ असं ठरतं आणि तिला वगळून नवा ग्रुप तयार होतो. चिखलदऱ्याचा प्लॅन नव्या ग्रुपवर, जुन्यावर फक्त गुड मॉर्निंग. तेल्हाऱ्याहून नाहीतर धारणीहून शिकायला आलेली पोरगी मेसमध्ये एकटी जेवू लागते. मग दर शनिवारी गावची एसटी पकडते. घरी सांगते, तब्येत बरी नाही. घरचे म्हणतात, मग राहू दे शिक्षण. आपल्यासाठी जो टाइमपास असतो, त्यात तिचं वर्ष जाऊ शकतं.

तुम्ही म्हणाल, सगळ्यांशी मैत्री करायचा ठेका घेतलाय का आम्ही? नाही घेतला. ग्वेंडोलिनसारखी रूममेट असेल तर डोकं फिरणारच. पण मैत्री न करणं वेगळं आणि दहा जणींनी मिळून एकीला वाळीत टाकणं वेगळं. ब्लायटनबाईंनीही सहा पुस्तकं ग्वेंडोलिनला हसण्यावारी नेलं, आणि आपणही त्यांच्यासोबत हसलो.

तेव्हा ग्रुपवर कुणाच्या नावाचा स्क्रीनशॉट आला, तर फॉरवर्ड करायच्या आधी त्या पोरीला एक फोन लावा. ‘काय झालं गं?’ एवढंच विचारा. डॅरेल व्हायला सगळ्याच तयार असतात. गँगला गरज असते ती एका मेरी-लूची.