मागे कोण बसतं?

जुन्या फियाटमध्ये एअर कंडिशनर बसवावा की बसवू नये, या विषयावर मी आजवर जितक्यांची मतं ऐकली, त्यांत विरोधात बोलणारा प्रत्येक जण स्टिअरिंगमागे बसणारा निघाला. मागच्या सीटवर बसणाऱ्या एकाही व्यक्तीने विरोध केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अर्थात मागच्या सीटला मत विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही. तिला फक्त 'नीट बसलात ना?' एवढं विचारतात आणि उत्तर यायच्या आत पहिला गिअर टाकतात.

आमच्याकडे १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून घेतलेली. (त्या काळी मुलगी बघायला गेल्यावर मुलाने 'फियाटला नंबर लावलाय' असं सांगितलं तर ते स्थळ चांगलं समजत. नंबर लागेपर्यंत त्या मुलीच्या मुलीची मुंज करायची पद्धत नव्हती म्हणून, नाहीतर तीही होऊन गेली असती.) तर या गाडीच्या मागच्या सीटला मी गार हवा आणि हवी तेव्हा ऊब, अशी दोन्ही सोय करून घ्यायचं ठरवलं आहे. ही बातमी आमच्या बोरीवलीत बाभईपासून वझिरा नाक्यापर्यंत ज्या वेगाने पसरली, त्या वेगाने पद्मिनी स्वतः कधी गेलेली नाही.

दुसऱ्याच दिवशी जुन्या गाड्यांचे शौकीन असलेले एक गृहस्थ घरी आले. चपला काढता काढताच म्हणाले, ''अहो, काय ऐकतोय मी? ओरिजिनॅलिटी जाईल!'' एखाद्या कुळाची अब्रू जावी तसा त्यांचा आवाज झाला होता. आई आतून चहा घेऊन येत होती. तिला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं.

आता ही ओरिजिनॅलिटी म्हणजे काय, ते एकदा बघूच. गाडी मूळची इटलीतल्या तुरीनच्या फियाट कंपनीची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ती कुर्ल्याला बनवू लागली. १९६४ साली ती 'फियाट ११०० डिलाइट' होती. मग ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली. १९७४ पासून चितोडच्या राणीचं नाव घेऊन 'पद्मिनी' झाली. एवढी नावं बदलली तरी आपण तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हटलं, जशी लग्नात नाव बदललेली आत्या माहेरी बेबीची बेबीच राहते. म्हणजे जी गाडी इटलीत जन्मली, कुर्ल्यात वाढली आणि नाव बदलत राहिली, तिच्या डिकीत एक ब्लोअर बसवला की तिची अस्सलता बुडणार! आता बोला!

आणि ज्यांनी ही गाडी खऱ्या अर्थाने जगवली, त्या टॅक्सीवाल्यांनी तिच्यात काय बदललं नाही? डिकीत सीएनजीची टाकी बसवली, सीटवर फुलाफुलांचे कापड चढवले, छताला आतून नक्षी केली, डॅशबोर्डवर देव बसवले. वीस वर्षांची मर्यादा भरल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळ्या शहराने हळहळ व्यक्त केली. मी त्या दिवशी हळहळणारे बरेच पाहिले. त्यांतले बहुतेक जण मोबाइलवरून बोलावलेल्या गारेगार मोटारीत काचा बंद करून हळहळत होते.

माझा मुद्दा साधा आहे. मागे कोण बसतं, ते आधी सांगा. आमच्या गाडीत पन्नास वर्षं मागे कोण बसलं? आजी बसली. बाळंतपणाला निघालेली बहीण बसली. नंतर तेच बाळ घेऊन परत आली ती मागेच. घाटात पोटात ढवळणारी भाचरं बसली, त्यांच्या मुठीत आवळासुपारी आणि मांडीवर रिकामी पिशवी देऊन. दर भाद्रपदात गणपतीसुद्धा कुणाच्या तरी मांडीवर मागेच बसला, आणि त्याचं नशीब थोर, की त्याच्या चेहऱ्यावर शाल असे. आता आई बसते. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिची धाकटी बहीण गिरगावात, आणि आम्ही, गिरगावच्या दोन खोल्या सोडून मोठ्या जागेच्या ओढीने आलेल्या हजारो कुटुंबांसारखे, बोरीवलीत. महिन्यातून एकदा दोघी बहिणींची भेट व्हायची. आता मार्च ते जून ती होत नाही, आणि ऑक्टोबरातही होत नाही. आई म्हणते, ''बघू, उन्हं उतरली की जाऊ.'' मुंबईत उन्हं उतरायची कधी? मावशी एक्क्याऐंशीची आहे. दोघींकडे असे किती मे महिने सोडून द्यायला आहेत, हा हिशेब ओरिजिनॅलिटीवाल्यांनी मला करून द्यावा.

''मग दुसरी गाडी घ्या ना,'' असं एक जण म्हणाला. दुसरी गाडी आहे. मुलाची आहे. आई तीत चढत नाही, कारण तिचं म्हणणं असं की त्या गाडीत बसताना बुडाला खड्ड्यात टाकल्यासारखं वाटतं आणि उतरताना तिघांनी ओढावं लागतं. पद्मिनीत खुर्चीवर बसल्यासारखं बसता येतं. नव्वद टक्के गुडघेदुखीवाल्यांचं हेच मत पडेल. ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याने यावर बोलू नये.

यानंतर येतो विज्ञाननिष्ठ विरोधक. तो म्हणतो, इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम चाळिसेक हॉर्सपॉवर. त्यातले चार-पाच एकटा कॉम्प्रेसर खाणार. पुलाच्या चढावर गाडी काय ढकलणार का? हा विरोधक मला आवडतो, कारण तो निदान बॉनेट उघडून बोलतो. त्याचं म्हणणं खरंच आहे. जुना डायनॅमो गाडी उभी असताना पुरेशी वीज देत नाही, म्हणून आल्टरनेटर हवा. एअर कंडिशनरचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसतो, म्हणजे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते, म्हणून रेडिएटर जाड हवा आणि विजेवर चालणारा पंखाही हवा. एवढं सगळं करून एक गार पेटी नीट चालेल. दोन नाही.

आणि इथेच खरी मेख आहे. एकच पेटी चालणार असेल, तर ती कुठे बसवायची? आजवर ज्यांनी ज्यांनी फियाटला एअर कंडिशनर बसवून घेतलेला मी पाहिला, त्यांनी ती पेटी डॅशबोर्डखाली लटकवली. म्हणजे गार हवा कुणाला? चालवणाऱ्याच्या गुडघ्यांना! पद्मिनीची पुढची सीट एकसंध, बाकासारखी. ती म्हणजे गार हवेला घातलेला बांधच. मागे पोचतं ते फक्त पुढच्याचं 'आता कसं छान वाटतंय, नाही?' हे वाक्य.

वास्तविक पुढच्याची सोय गाडीने जन्मतःच केलेली आहे. पुढच्या दाराची ती छोटी त्रिकोणी काच आठवा. ती फिरवली की वाऱ्याचा झोत थेट शर्टाच्या दुसऱ्या बटणावर. इतकं अक्कलहुशारीचं यंत्र मोटारधंद्याने नंतर का टाकून दिलं, देव जाणे. पण ती काच मागच्या दाराला फिरत नाही. मागे येते ती पुढच्याने वापरून झालेली हवा, आणि कांदिवलीच्या सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या डंपरची. म्हणून माझा ठराव असा आहे: पुढे काही नको. पेटी एकच, आणि ती मागे. चालवणाऱ्याने त्रिकोणी काच फिरवावी आणि गाडी चालवावी.

हे काही मी नवीन सांगत नाही. मोटारीत कारखान्यातूनच एअर कंडिशनर बसवून द्यायची सुरुवात अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलपासून केली. ती पेटी कुठे होती? डिकीत! अर्धी डिकी व्यापून बसलेली. गार हवा यायची ती मागच्या सीटच्या पाठीमागून. यंत्र बंद करायचं तर मात्र इंजिन थांबवून, खाली उतरून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. पण ते काम पुढे बसणाऱ्याचं होतं. म्हणजे या शोधाचा मूळ पुरुष मागच्या सीटच्या पाठीशी उभा होता, शब्दशः. ओरिजिनॅलिटीच पाळायची, तर ही पाळा!

कायद्याचं म्हणाल, तर तोही वाचून झाला. २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. माझी गाडी वयात बसते. पण अशी नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही; प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या. आईला मावशीकडे नेणं प्रदर्शनात बसत नाही आणि रॅलीतही. तेव्हा तो मान मी सध्या नाकारला आहे. तरीही मिस्त्रीला बजावलंय, की पत्रा कापायचा नाही, जिथे जमेल तिथे आधीच्याच भोकांतून नळ्या न्यायच्या, आणि उद्या कुणाला सगळं काढून टाकावंसं वाटलं तर पान्याने निघालं पाहिजे. एवढी ओरिजिनॅलिटी मलाही मान्य आहे.

राहता राहिला हीटर. त्यावर तर बोरीवली पोट धरधरून हसली. ''मुंबईत हीटर? उद्या उंटाला पाण्याची टाकी बसवाल!'' वगैरे. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवरचं सगळ्यात कमी तापमान नोंदलं गेलं ते २२ जानेवारी १९६२ रोजी, ७.४ अंश. त्या दिवसाची वाट पाहत मी हीटर बसवतोय असं लोकांना वाटतं. पण नॅशनल पार्कच्या बाजूला राहणाऱ्याला विचारा, जानेवारीत पहाटे काय वारा सुटतो तो. आणि आम्हाला नाशिकला जायचं असतं ते पहाटेच. आईच्या गुडघ्यांना सांताक्रूझचा आकडा कळत नाही.

शिवाय हीटर फुकट आहे हो! इंजिनाचं तापलेलं पाणी एका छोट्या रेडिएटरमधून फिरवायचं आणि मागे पंखा लावायचा, झालं. ताकद काही खात नाही. आणि त्याचा एक गुण जुन्या ड्रायव्हरांनाच ठाऊक असतो. कसारा घाटात काटा लालकडे सरकायला लागला, की हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची उष्णता आत येते, काटा खाली उतरतो, गाडी वाचते. माणसं उकडतात. या प्रसंगी, मागची सीट ही सगळ्यांत महत्त्वाची असल्यामुळे, मागे बसलेल्यांना उतरवून झाडाखाली बसवायचं आणि चालवणाऱ्याने एकट्याने घाट चढायचा, असं कलम मी माझ्या ठरावात घातलं आहे. ते वाचून आमची ही म्हणाली, ''पहिल्यांदाच शहाण्यासारखं काहीतरी लिहिलंत.''

लोकांचं काय घेऊन बसलात! २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेची पहिली वातानुकूलित लोकल सुटली, ती आमच्याच बोरीवलीहून. तेव्हाही लोक नाकं मुरडत होते: दारात उभं राहून वारा खाता येणार नाही, ती लोकल कसली? त्याच लोकलला आता इतकी गर्दी, की दारं मिटत नाहीत म्हणून गाडी सुटत नाही. मुरडलेली नाकं मी स्वतः त्या दारात अडकलेली पाहिली आहेत.

ओरिजिनॅलिटीवाले गृहस्थ काल पुन्हा भेटले. त्यांच्याकडे माझ्या गाडीच्या आधीची एक गाडी आहे, नट न् नट मूळचा. मी त्यांना म्हटलं, वाद कशाला, येत्या मेमध्ये दुपारी एक वाजता तुमच्याच गाडीने गिरगावात जाऊ. जाताना एस. व्ही. रोडने, म्हणजे एकही सिग्नल चुकायला नको. गाडी मी चालवीन. तुम्ही मागे बसा, मधोमध, मांडीवर माझ्या आईने मावशीसाठी दिलेला फणस घेऊन. ते म्हणाले, ''मे महिन्यात माझी गाडी मी बाहेर काढत नाही. रंगाला ऊन सोसत नाही.''