मेहनत तुमची, पण दार कुणी उघडलं?

कॉलेजच्या गॅदरिंगला आलेले प्रमुख पाहुणे एक वाक्य हमखास बोलतात. 'मी आज जो काही आहे, तो फक्त माझ्या मेहनतीमुळे.' टाळ्या पडतात. प्लेसमेंट लागलेला सीनियरही लिंक्डइनवर तेच लिहितो, फक्त इंग्रजीत आणि खाली आठ हॅशटॅग लावून. आपल्यालाही ते ऐकायला बरं वाटतं, कारण त्याचा अर्थ असा निघतो की आपण झटलो तर आपलंही होणारच.

माझं म्हणणं असं की हे वाक्य अर्धंच खरं आहे. आणि उरलेलं अर्धं सतत गाळत राहिलं, की चांगला माणूसही हळूहळू कोडगा होतो. हे पटवून देण्यासाठी आज एका फुटबॉलपटूची गोष्ट सांगायची आहे. तो मेस्सी नाही की रोनाल्डो नाही. त्याचे रील्स तुमच्या फीडमध्ये सहसा येणार नाहीत, कारण तो गोल करणाऱ्यांपैकी नव्हता. तो डिफेंडर होता. समोरच्याला गोल करू न देणं हेच त्याचं काम. नाव नेवेन सुबोतिच. सर्बियाकडून तो 36 आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि आता निवृत्त झालाय.

डिसेंबर 1988 मध्ये बान्या लुका शहरात त्याचा जन्म झाला. तेव्हा हे शहर युगोस्लाव्हियात होतं, आज बोस्नियात आहे. पुढच्या काही वर्षांत तो देशच फुटला, शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला. सुबोतिच कुटुंब त्या आगीतून वेळीच बाहेर पडलं आणि जर्मनीत, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ भागातल्या एका लहान गावात येऊन राहिलं. नेवेन तिथेच जर्मन बोलायला शिकला, तिथल्याच गावच्या क्लबात फुटबॉल खेळायला लागला.

पण जर्मनीने या निर्वासितांना दिलेली राहण्याची परवानगी तात्पुरती होती. बोस्नियातलं युद्ध संपलं, तशी 'आता परत जा' म्हणायची वेळ आली. 1999 मध्ये या कुटुंबाने बोस्नियात परतण्याऐवजी अमेरिका गाठली. आधी युटा राज्यातलं सॉल्ट लेक सिटी, मग फ्लोरिडातलं ब्रेडन्टन. वयाच्या अकराव्या वर्षात मुलाच्या वाट्याला तिसरा देश आला आणि तिसरी भाषा.

गंमत म्हणजे ब्रेडन्टनला जाण्याचं कारण नेवेनचा फुटबॉल नव्हताच, त्याच्या बहिणीचं टेनिस होतं. तिथल्या एका पार्कात तो चेंडू घेऊन सराव करायचा. अमेरिकेच्या 17 वर्षांखालच्या संघाचं निवासी शिबिर नेमकं त्याच गावात चालायचं. त्या संघाच्या एका सहायक प्रशिक्षकाची नजर या उंच पोरावर पडली. पुढे 2005 मध्ये पेरू देशात 17 वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा तो अमेरिकेच्या संघात होता. 2006 मध्ये जर्मनीतल्या माइन्त्स क्लबने त्याला घेतलं. ज्या देशाने परतीची वाट दाखवली होती, तिथेच तो फुटबॉलपटू म्हणून पुन्हा आला. आणि माइन्त्सचा प्रशिक्षक कोण? युर्गन क्लॉप. तोच, जो पुढे लिव्हरपूलमुळे जगभर गाजला.

2008 मध्ये क्लॉप डॉर्टमुंडला गेला आणि या 19 वर्षांच्या पोराला सोबत घेऊन गेला. तिथे सेंटर बॅक म्हणून त्याची जोडी जमली माट्स हुमेल्सबरोबर. दोघांच्या वयात फक्त सहा दिवसांचं अंतर! एवढ्या लहान पोरांच्या भरवशावर बचाव सोडलेला पाहून जर्मनीत त्यांचं टोपणनावच पडलं 'किंडररीगल'. ते एका चॉकलेटचं नाव, आणि शब्दशः अर्थ घ्यायचा तर 'पोरांची अडसर'. आणि अडसर पक्की निघाली. 2010-11 च्या बुंडेसलीगात डॉर्टमुंडने 34 सामन्यांत फक्त 22 गोल खाल्ले आणि विजेतेपद पटकावलं. पुढच्या वर्षी पुन्हा विजेतेपद, वर जर्मन कपही. 2013 मध्ये थेट चॅम्पियन्स लीगची फायनल.

वेम्बलीवरच्या त्या फायनलमधला एक क्षण जरूर शोधून बघा. बायर्नच्या थॉमस म्युलरने डॉर्टमुंडच्या गोलकीपरला चकवलंय. चेंडू रिकाम्या गोलकडे घरंगळत चाललाय, मागून आर्येन रॉबेन धावतोय. सुबोतिच कुठून तरी धावत येतो, घसरत झेप घेतो आणि अगदी रेषेवरून चेंडू बाहेर काढतो. डॉर्टमुंड शेवटी 2-1 ने हरलं, 89 व्या मिनिटाला रॉबेननेच गोल केला. इतिहासात नाव लागलं ते रॉबेनचं. वाचवलेला गोल स्कोअरबोर्डवर दिसत नाही ना!

आता हिशेब मांडू. या मुलाने मेहनत केली का? प्रश्नच नाही. पार्कात कुणी बघत नसतानाही तो राबत होता, म्हणून तर बघणारा आला तेव्हा दाखवायला त्याच्याकडे काही होतं. पण त्याच हिशेबात बाकीच्या रकमाही लिहा की! युद्धाच्या तडाख्यातून वेळीच निघालेले आईवडील. अनोळखी कुटुंबाला ठेवून घेणारं एक जर्मन गाव. अमेरिकेने दिलेला प्रवेश. बहिणीचं टेनिस. योग्य वेळी पार्कातून जाणारा एक प्रशिक्षक. 19 वर्षांच्या पोरावर भरवसा टाकणारा क्लॉप. यातलं एक जरी नाव खोडलं, तरी ही गोष्ट कदाचित दुसऱ्या परिच्छेदातच संपते. बान्या लुकात त्याच्या वयाची शेकडो मुलं होती. ती काय आळशी होती?

नशिबाचं फासं उलटंही पडतं. नोव्हेंबर 2013 मध्ये वुल्फ्सबर्गविरुद्धच्या सामन्यात सुबोतिचच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि उरलेला सीझन गेला. त्याच सीझननंतर, 2014 च्या उन्हाळ्यात, हुमेल्स जर्मनीकडून विश्वचषक जिंकला. सर्बिया त्या स्पर्धेला पात्रच ठरला नव्हता. सुबोतिच मैदानावर परतला, पण ते जुने दिवस काही परतले नाहीत. मग कोलोन, फ्रान्समधलं साँतेतिएन, युनियन बर्लिन, तुर्कस्तान, ऑस्ट्रिया अशी भटकंती झाली. सहा दिवसांच्या अंतराने जन्मलेले, खांद्याला खांदा लावून खेळलेले दोघं. गुडघा फाटला त्या दिवशी एकाची मेहनत अचानक कमी पडली होती, असं कुणी म्हणेल का?

इथे तुमच्यातला एखादा म्हणेल, 'मग काय, सगळं नशिबावर सोडून झोपायचं?' अजिबात नाही. मेहनत हा तुमच्या हातातला भाग आहे आणि तो पूर्ण करायलाच हवा. मुद्दा एवढाच की जे हातात नव्हतं, त्याचं श्रेय लाटू नका. कारण 'मला जे मिळालं ते फक्त माझ्या लायकीमुळे' असं एकदा ठरवलं, की त्याची दुसरी बाजूही मानावी लागते: 'ज्याला मिळालं नाही, तो लायक नव्हता.' हे दुसरं वाक्य आपण तोंडाने बोलत नाही, पण वागण्यात उतरतंच. फी न भरता आल्यामुळे मधेच सोडून गेलेल्या मित्राबद्दल, दिवसभर काम करून रात्रीच्या लायब्ररीत डुलक्या काढणाऱ्या मुलाबद्दल 'सीरियस नव्हता यार' असं आपण किती सहज म्हणतो!

सुबोतिचची गोष्ट मला आवडते ती यासाठी की त्याने हा हिशेब स्वतःपुरता बदलून पाहिला. तो काही जन्मजात संत नव्हता. 2011 च्या विजेतेपदानंतर डॉर्टमुंडच्या रस्त्यावर शर्ट काढून गाडीच्या टपावर चढलेला त्याचा फोटो आजही प्रसिद्ध आहे. स्टार असण्याची सगळी मजा त्याने घेतली. पण दुसरं विजेतेपद आलं त्याच वर्षी, 2012 मध्ये, वयाच्या 23 व्या वर्षी त्याने स्वतःच्या नावाने एक संस्था काढली. काम कसलं, तर इथियोपियात पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहं. उत्तर इथियोपियातल्या टिग्राय भागात गावांत आणि शाळांत विहिरी खोदायच्या, हातपंप बसवायचे, शौचालयं बांधायची.

फुटबॉलपटूने फुटबॉल अकादमी का नाही काढली? विचार करा. पाणी आणायला रोज कोसभर चालणारी मुलगी शाळेत पोचणार कधी आणि तिच्यातलं टॅलेंट कुणाला दिसणार कधी? पार्कातल्या मुलावर प्रशिक्षकाची नजर पडण्यासाठी तो मुलगा आधी पार्कात असावा लागतो. गावात पंप आला, शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह झालं, की एक दार किलकिलं होतं. ती मुलगी पुढे काय करेल ते तिच्या मेहनतीवर. आणि हेही काम बचावपटूसारखंच. अतिसाराने न दगावलेलं मूल कुठल्याच स्कोअरबोर्डवर दिसत नाही.

करिअर चालू असताना त्याने हे केलं, हेही महत्त्वाचं. आपल्याकडे 'आधी सेटल होऊ, मग समाजासाठी काहीतरी करू' हे पेटंट उत्तर आहे. सेटल होण्याची तारीख मात्र पुढे पुढे सरकते. आधी नोकरी, मग फ्लॅट, मग मोठा फ्लॅट. 2020 मध्ये टिग्रायमध्ये युद्ध पेटलं, दोन वर्षं तो भाग होरपळला. लहानपणी युद्धामुळे घर सोडावं लागलेल्या माणसाला त्या बातम्या कशा लागल्या असतील, याचा अंदाज आपणच बांधायचा.

तुम्ही लगेच विहिरी खोदायला निघावं असं कुणी म्हणत नाहीये. तेवढे पैसे ना तुमच्याकडे ना माझ्याकडे. पण एक करता येईल. पुढच्या वेळी एसओपी लिहाल, इंटरव्ह्यूला बसाल, ज्युनिअर्सपुढे बोलायला उभे राहाल, तेव्हा स्वतःच्या यशाचा पूर्ण हिशेब मनात तरी मांडा. बारावीनंतर 'लग्न नको, शिकू दे तिला' म्हणून घरात भांडलेली आत्या त्यात येऊ द्या. फीसाठी स्वतःच्या खिशातले पैसे भरून नंतर कधीच न विचारणारे सर येऊ द्या. हॉस्टेल न मिळाल्यावर दोन महिने खोलीत जागा देणारा मित्र येऊ द्या. यादी झाली की एकच प्रश्न विचारा: अशा यादीत माझं नाव कुणाच्या आहे?

उत्तर 'कुणाच्याच नाही' असं आलं, तर घाबरू नका. तुमचं वय अजून लहान आहे. पण सुबोतिचने संस्था काढली तेव्हा तोही 23 वर्षांचाच होता, एवढं लक्षात असू द्या. एखाद्या ज्युनिअरला स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला मदत करणं, त्याची शेवटची तारीख त्याला आठवणीने कळवणं, ही छोटी कामं वाटतात. फॉर्म राहून गेल्यामुळे ज्यांचं वर्ष वाया गेलंय, त्यांना विचारून बघा.