काटामारी आणि लेवीयचा एकोणिसावा अध्याय

राज्यातील साखर कारखान्यांचे अध्यक्ष व संचालक मंडळांस,



काटामारीच्या, म्हणजे काट्यावर उसाचे वजन कमी दाखवण्याच्या, तक्रारी, निवेदने, मोर्चे तुम्हाला नवे नाहीत. म्हणून सरळ हिशेबच मांडतो. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याच्या काट्याने शंभर टनांमागे एकच टन खाल्ला, तर रोज ५० टन ऊस फुकट आत जातो. २०२५-२६ची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, क्विंटलला ३५५ रुपये. म्हणजे दिवसाला १ लाख ७७ हजार ५०० रुपये आणि १२० दिवसांच्या हंगामात २ कोटी १३ लाख. एका गाडीमागे हा फरक इतका थोडा असतो की एकट्या शेतकऱ्याला तो सिद्ध करता येत नाही. या चोरीचे सारे बळ त्यातच आहे.

बायबलने हे फार पूर्वी ओळखले. थैलीत एक जड, एक हलके अशी दोन वजने ठेवू नका, असे त्यातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितले आहे. वापरणे दूरच, जवळ बाळगणेही मना. ‘लेवीय’ या पुस्तकाच्या ज्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आहे, त्याच अध्यायात खऱ्या तराजूची आहे आणि मजुराची मजुरी रात्रभरसुद्धा अडवू नये हीही आहे. रात्रभर! १९६६चा ऊस नियंत्रण आदेश तुम्हाला उसाचे पैसे द्यायला चौदा दिवस देतो, पुढे वर्षाला १५ टक्के व्याज. शंभर टनांचे ३ लाख ५५ हजार मुदतीनंतर दोन महिने थकले, तर व्याज ८,८७५ रुपये होते. ते न मागता तुमच्यापैकी किती जणांनी दिले? एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभाही मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये रद्द केली.

तुम्ही म्हणाल, २०१९मध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपये ठरला तेव्हा एफआरपी २७५ होती, ती ३५५ झाली, आम्ही मेटाकुटीला आलो आहोत. अडचण खरी आहे. पण तो तंटा दिल्लीशी आहे. तो शेतकऱ्याच्या वजनातून वळता करून घेता येणार नाही. आम्ही ख्रिस्ती नाही, बायबल आम्हाला कशाला, असेही विचाराल. आमोस संदेष्ट्याने माप लहान करणाऱ्यांना झोडपले, ते शब्बाथ पाळणारे धार्मिक लोक होते. मोळीपूजनाने हंगाम सुरू करणाऱ्यांना तो शब्द तितकाच लागू आहे.

बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. आम्ही ऊस उत्पादक शेतकरी चौपट मागत नाही. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस नाकारू नका, आणि थकलेले व्याज याच हंगामात आमच्या खात्यावर जमा करा.