कर देतांना माती, मोबदला घेतांना सोनें!

शेतकरी बंधूंनो, अमेरिका खंडांत ग्वाटेमाला नांवाचा लहानसा देश आहे. तेथें लोकांनीं निवडलेल्या आर्बेंझ अध्यक्षांनीं १९५२ सालीं कायदा केला कीं, बड्या जमीनदारांची पडीक जमीन मोबदला देऊन घ्यावी व कसणारांस द्यावी. सुमारें १ लाख कुटुंबांस जमीन मिळाली. युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी-कंपनीनें करासाठीं स्वतःच लिहून दिलेल्या किंमतीप्रमाणें सरकारनें तिला ६ लाखांवर डॉलर देऊं केले. अमेरिकेच्या सरकारनें तिच्यातर्फे मागितले दीड कोटींवर! हा कोठला न्याय?

मग मार्च १९५४ मध्यें काराकासच्या परिषदेंत अमेरिकेनें साम्यवादाची हाकाटी केली; जूनांत तिच्या गुप्तहेर खात्याच्या पैशानें व विमानांनीं होंडुरासमधून फौज घुसली. आर्बेंझ गेले, वांटलेल्या बहुतेक जमिनी परत काढून घेतल्या. पुढें १९६० ते १९९६ यादवी माजली; सुमारें २ लाख माणसें मेलीं वा नाहींशीं झालीं. त्यांत बहुतेक तेथले मूळचे माया लोक.

लोकशाहीचा टेंभा मिरविणारांस लोकांचाच अध्यक्ष कां खुपावा? आम्ही एवढेंच सांगतों : मुत्सद्दी तत्त्वाच्या गोष्टी बोलूं लागला, कीं शेतकऱ्यानें आधीं जमिनीचा उतारा मागावा!