गाडी कुणाच्या नावावर?

परवा माझी धाकटी बहीण बोईसरहून आली ती चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात. चहा ठेवायच्या आतच पर्समधून कागद काढले आणि म्हणाली, "ताई, सही करू का गं?"

कागद बँकेचे होते. भाच्याला गाडी घ्यायची आहे. वय चोवीस, एमआयडीसीतल्या एका कंपनीत कंत्राटावर नोकरी. कंत्राटी पगारावर त्याला कर्ज मिळेना. आई जिल्हा परिषदेची शिक्षिका, तिची पगाराची स्लिप भक्कम. तेव्हा कर्ज आईच्या नावावर, गाडी आईच्या नावावर आणि किल्ली मुलाच्या हातात! बचत गटांच्या बैठकांच्या निमित्ताने मी पालघर, उमरोळी, बोईसर अशी हिंडत असते. अशी घरं आता तालुक्यात जागोजागी दिसतात. पूर्वी मुलगा मोटरसायकलसाठी हट्ट धरायचा, आता चारचाकीसाठी धरतो, एवढाच फरक.

आणि गाडी तरी कसली? जुनी 'पोलो जीटी'. मला वाटलं गाडी म्हणजे गाडी. भाचा म्हणाला, "मावशी, ही साधी नाही, ही पळते." दिसायला आपल्या शेजारच्यांच्या छोट्या गाडीसारखीच, पण इंजिन दांडगं. साध्या पेट्रोल पोलोची ताकद साधारण ७५ अश्वशक्ती, २०१३ साली आलेल्या जीटीची १०५. फियाटची 'अबार्थ पुंटो' तर १४५ ची. मैत्रिणींनो, या गाड्या काही परदेशी साहेबांच्या नव्हेत बरं का. पोलो आपल्या पुण्याजवळच्या चाकणला बनायची, पुंटो रांजणगावला.

मग नवीच का घेत नाही, असं मी विचारलं. उत्तर ऐकून कळलं की यात थोडं अर्थकारण आहे. २०२० च्या एप्रिलपासून धुराचे नवे नियम, म्हणजे बीएस-६ लागू झाले आणि मारुतीची बलेनो आरएस, टाटाची टियागो जेटीपी त्याच सुमारास बंद झाल्या. फियाट त्याआधीच गेली. फोर्डने २०२१ मध्ये इथला कारखाना आवरता घेतला. बारा वर्षं चाकणला बनल्यावर २०२२ मध्ये पोलोही थांबली. म्हणजे ज्याला हीच गाडी हवी त्याला जुनीच घ्यावी लागते. हौशी गिऱ्हाईक ठरलेलं, म्हणून दलाल भाव सोडत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या नव्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला. नवी गाडी उतरली की जुनीचा भाव उतरायलाच हवा. तेव्हा दलालाने सांगितलेला भाव कुठल्या काळातला, हे विचारायला लाजू नका. आणखी एक गैरसमज. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीनंतर 'जुन्या गाडीवर १८ टक्के कर' अशी बातमी आली आणि घरोघर घबराट उडाली. तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला, आणि तोही त्याच्या नफ्यावर. शेजारच्या काकांनी आपली गाडी तुम्हाला विकली तर त्यावर जीएसटी नाही. कुणी त्या नावाखाली पूर्ण किमतीवर १८ टक्के मागितले तर सरळ उठून यायचं.

सही करायच्या आधी गाडी तर बघू, म्हणून आम्ही तिघं निघालो. पहिली गाडी सिल्वासाला होती. नंबर डीएन ०९. आपल्या पट्ट्यात जीजे १५, डीडी ०३, डीएन ०९ या पाट्या काही नव्या नाहीत. वापी, दमण, सिल्वासा हाकेच्या अंतरावर. तिथे गाडी स्वस्त दिसते, पण दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर कायद्याने इथे नव्याने नोंद करावी लागते. तिथल्या आरटीओची ना-हरकत आणायची आणि महाराष्ट्राचा रस्ता कर गाडीच्या वयानुसार भरायचा. सगळं धरून मी कागदावर बेरीज मांडली, तर स्वस्ताई निम्म्याहून अधिक विरली. भाच्याचं तोंड उतरलं.

दुसरी गाडी विरारच्या बाजूची. लालचुटूक, आत सुगंधी फवारा मारलेला. तो वास इतका भपकन आला की मलाच संशय आला. घरात कुबट वास लपवायला आपण उदबत्ती लावतो ना, तसंच! भाच्याच्या ओळखीचा मेकॅनिक बरोबर होता. त्याने काय केलं, तर सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. आतल्या टोकाला मातीची रेघ! मग पायाखालचं कार्पेट उचललं, तर खाली वाळलेला गाळ. गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा कसा पाण्यात होता, ते आपण विसरलो नाही. अशा पाण्यातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. पट्टा ओढून बघायला काही ज्ञान लागत नाही, आपल्यालाही जमेल.

मेकॅनिकने आणखी काय काय सांगितलं. जुन्या जीटी टीएसआयला सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. चालतो तेव्हा लोण्यासारखा, पण त्यातला मेकॅट्रॉनिक नावाचा भाग गेला तर खर्च लाखांत. २०२० नंतरच्या एक लिटरच्या पोलोत तो गिअरबॉक्स नाही. तेव्हा गाडी थंड असताना सुरू करून बघायची, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसका बसतो का ते पाहायचं. किलोमीटरचा आकडा मागे फिरवलेला असू शकतो, म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून चॅसी नंबरवर जुन्या सर्व्हिसच्या नोंदी काढायच्या. सातपाटी-चिंचणीच्या खाऱ्या हवेत उभी राहिलेली गाडी असेल तर खालचा पत्रा बघायचा. आणि या पळणाऱ्या गाड्यांचं खास दुखणं म्हणजे मुलं इंजिनाचा कॉम्प्युटर बदलून ताकद आणखी वाढवतात. विकताना ते सांगत नाहीत. वाढवलेल्या ताकदीचा भार क्लचवर नि टर्बोवर पडतो आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आड येऊ शकतो.

पेट्रोलचाही प्रश्न आहेच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्या इंधनाला चालतील असे भाग एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये गदारोळ झाला तेव्हा खुद्द पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितलं, की मायलेज थोडं घटतं आणि काही जुन्या गाड्यांत रबराचे भाग बदलावे लागतील. पोलो २०२२ लाच बंद झालेली. तो खर्चही महिन्याच्या हिशेबात धरायला हवा.

पण माझ्या बहिणीच्या प्रश्नाचं खरं उत्तर यातल्या कशातच नव्हतं. ते होतं आरसी बुकावरच्या नावात.

२०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. एका माणसाने गाडी विकली, ती पुढे दोन-तीन हात फिरली, पण नाव कुणी बदललंच नाही. अपघात झाला, एक जीव गेला. न्यायालयाने सांगितलं, आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे विकणाऱ्याने नाव बदलून घेतलं पाहिजे, आणि विकत घेणारीने आपलं नाव लावताना आपण काय पत्करतोय हे समजून घेतलं पाहिजे. थर्ड पार्टी विमा चालू असेल तर भरपाई सहसा विमा कंपनी भरते. तो संपलेला असेल तर? मग नोटीस येणार ती मुलाबरोबर आईच्याही नावाने. तिच्या पगारावर, तिच्या घरावर. आपल्याकडे घर, जमीन बायकांच्या नावावर करताना घरातले दहा वेळा विचार करतात, आणि कर्ज नि गाडी मात्र चटकन तिच्या नावावर! हे मला राहून राहून खटकतं.

शिवाय रस्ते कुठले, तर आपले. चिल्हार फाट्यावर पोचलं की समोर मुंबई-अहमदाबाद महामार्ग. ४ सप्टेंबर २०२२ ला याच महामार्गावर चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. गाडी लाखमोलाची होती, पण मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. दोघंही वाचले नाहीत. पुढे बसलेले दोघं जखमी झाले, पण वाचले. मी भाच्याला गाडी घेऊ नको म्हटलं नाही. कमावता मुलगा आहे, हौस त्यालाही असणारच. फक्त इतकं विचारलं, की मागे आजीला बसवशील तेव्हा पट्टा कोण लावणार? २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला एकही तारा मिळाला नव्हता आणि दोन एअरबॅगवालीला चार मिळाले होते. नाव एकच, गाडी एकच, तरी एवढा फरक. म्हणून जाहिरातीतलं नाव वाचून भागत नाही.

शेवटी बहिणीने स्वतःच्या अक्षरात अटी लिहिल्या. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेली बाई ती! गाडी २०२० नंतरची, हाताने गिअर टाकायची. आरसीवर आधीच्या कर्जाचा बोजा नको. ई-चलान सगळी भरलेली. एमपरिवहनवर गाडीचा नंबर घालून तिने स्वतः विमा बघितला. नाव लागलं की चौदा दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा, कारण आधीच्या मालकाची नो-क्लेम सवलत आपल्याला मिळत नाही आणि फरक भरावा लागतो. आणि कर्जाच्या हप्त्याचे पैसे भाच्याने दर महिन्याच्या पाच तारखेला तिच्या खात्यात टाकायचे. हे त्याने कागदावर लिहून सही करून दिलं. आईला मुलाने लिहून द्यायचं म्हणजे काय, असं आमच्या थोरल्या वन्सं म्हणाल्याच. म्हणू देत.

तिसरी गाडी आता पसंत पडली आहे, पालघरमधलीच, एमएच ४८. पहिल्या मालकाच्या बँकेचं ना-हरकत पत्र अजून आलेलं नाही. ते हातात येईपर्यंत बहिणीचे कागद माझ्या कपाटात आहेत, बिनसहीचे.