दुबईच्या 'हिंद सिटी'मधला 'हिंद' आणि 'जय हिंद'मधला 'हिंद' एकच आहे का?

जानेवारी 2023 मध्ये दुबईतल्या अल मिन्हाद परिसराचं नाव 'हिंद सिटी' झालं आणि आपल्याकडे 'जय हिंद'च्या पोस्टचा पाऊस पडला. हा भारताचा, हिंदूंचा सन्मान असल्याचे फॉरवर्ड फिरले. मात्र, हिंद हे अरबी मुलीचं नाव आहे. दुबईचे शासक शेख मोहम्मद यांच्या पत्नीचं नावही शेखा हिंद.

जुन्या अरबी शब्दकोशांत 'हिंद'चा एक अर्थ सापडतो: शंभरेक उंटांचा कळप. हसू येईल, पण वाळवंटात उंट म्हणजेच धन. आपण मुलीचं नाव लक्ष्मी ठेवतो, तसंच काहीसं. नाव इस्लामच्याही आधीचं आहे. मक्केतली हिंद बिन्त उत्बा ही उमय्या खिलाफत स्थापन करणाऱ्या मुआवियाची आई.

मग आपला हिंद? तो सिंधू नदीच्या नावावरून, फारसीमार्गे अरबीत गेला. अरबीत भारत म्हणजे 'अल-हिंद'. दुबईच्या नव्या नावात हे 'अल' नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांचं नेमकं तिथेच चुकलं.

भारतात मुलींमध्ये हे नाव दुर्मीळच. अरब जगात मात्र इजिप्तच्या हिंद रुस्तमपासून ट्युनिशियाच्या हिंद साबरीपर्यंत अभिनेत्रींनी ते घरोघरी पोहोचवलं. जगाला ते कळलं जानेवारी 2024 मध्ये, गाझातल्या हिंद रजबमुळे. मृत नातेवाइकांसोबत गाडीत अडकलेली ही पाच वर्षांची मुलगी फोनवर मदत मागत होती. ती वाचली नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आंदोलक विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतलेल्या इमारतीला नाव दिलं, 'हिंद्स हॉल'.